अर्धा थर

१

सुलेखाचा दिवस घड्याळावर नव्हे, जाईच्या छातीवर चालायचा. सकाळी उठल्याबरोबर ती पोरीच्या पाठीला कान लावी. आत शिट्टी वाजत नसेल तर चहा ठेवायचा. वाजत असेल तर आधी पंप, मग चहा. जाई पाच वर्षांची. दम्याचा निळा पंप एक फ्रिजवर, एक दप्तरात आणि एक सुलेखाच्या पर्समध्ये. नवरा अनीश म्हणायचा, "अगं, दवाखानाच उघड एक." त्यावर ती म्हणायची, "तुमची झोप गाढ आहे म्हणून सुचतंय बोलायला."

परदेशात आल्यावर बुकित बातोक या वस्तीतला नवव्या मजल्यावरचा हा फ्लॅट भाड्याने घेतला, तेव्हा एजंटबाईंनी स्वयंपाकघराशेजारची एक खोली मोठ्या कौतुकाने दाखवली होती. बॉम्ब शेल्टर. इथल्या नव्या फ्लॅटांत ती असतेच. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, आणि तिजोरीला शोभेल असं लोखंडी दार. लढाई झाली तर माणसांनी आत बसायचं. तोवर कांदे, सुटकेसा आणि इस्त्रीचं टेबल. सगळेच तिची स्टोअररूम करतात, सुलेखानेही केली. पण एकदा लपाछपी खेळताना जाई आत गेली आणि दार मिटलं. दोनच मिनिटं. बाहेर काढली तेव्हा पोरीचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून ते दार कायम सताड उघडं असे, आणि मिटू नये म्हणून त्याला दहा किलो तांदळाची पिशवी टेकवलेली असे.

संध्याकाळी सात वाजता मात्र सुलेखा सगळी काळजी बाजूला ठेवी. इथं बारा महिने सातलाच अंधार पडतो. इचलकरंजीला आई करायची तसंच ती करी. मुख्य दार उघडं, देवापाशी निरांजन, आणि प्रत्येक खोलीत दिवा. बाथरूममध्येसुद्धा, शेल्टरमध्येसुद्धा. मिनिटभर का होईना, पण तिन्हीसांजेला घरातला एकही कोपरा अंधारात ठेवायचा नाही. बटणं दाबायचं काम जाईचं. प्लास्टिकचं स्टूल ओढत ती खोली-खोली फिरे.

"आई, लक्ष्मी लिफ्टनी येते की जिन्यानी?"

"तिला जमेल तशी येते."

"नववा मजला सो हाय! लिफ्टच ला." वाक्याच्या शेवटी लावायचं हे इथलं 'ला' तिने शाळेतून उचललं होतं.

२

ऑगस्टात एक दिवस अनीश ट्रॉलीवरून घर घेऊन घरी आला.

अनीशचं काम आर्किटेक्टांसाठी इमारतींची मॉडेलं बनवण्याचं. वर्कशॉप दहा मिनिटांवर, कारखान्यांच्या रांगेत. तिथं एका भल्यामोठ्या कॉन्डो-इमारतीच्या मॉडेलने सगळी जागा अडवली होती, म्हणून मालक निशिकांत सर म्हणाले, प्रदर्शनाचं ते छोटं काम तू घरीच कर. छोटं म्हणजे वीस फुटांना एक फूट या मापाने चांगलं साडेतीन फूट लांब. ते जेवणाच्या टेबलावर बसलं, आणि त्या दिवसापासून तिघंही फरशीवर जेवायला लागली.

घर फ्रान्समधलं. सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या कुणा जमीनदाराचं, दगडी. खाली एकच लांबलचक दालन. "मालक, नोकर, कुत्री, सगळे इथंच जेवायचे," अनीश फाइल चाळत सांगायचा. "आधी विस्तव मधोमध, जमिनीवर. धूर जाईल तिकडे जाईल. धुराडं भिंतीत नंतर आलं." दालनाच्या एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला वरच्या मजल्यावर मालकाची निजायची खोली. बाहेरून चिकटलेला एक गोल मनोरा, त्याच्या पोटात पिळाचा जिना. भोवती खंदक, अंगणात कबुतरखाना. मध्ये कधीतरी लढायांत ते जळलं, मग शंभर वर्षांनी कुणी पुन्हा उभं केलं, तेव्हा जिना आला. पुढच्याने खिडक्या मोठ्या केल्या. ज्याच्या हातात आलं त्याने ठिगळ लावलं.

हे समजायला सुलेखाला इंग्रजी लागलं नाही. तिचा बाप गवंडी होता. सातवीनंतर शाळा सुटली ती त्याच्या हाताखाली घमेली वाहायलाच. दगडाचा सांधा बघून कुठली भिंत आधीची, कुठली मागाहून आलेली, हे तिला बोटाने दाखवता यायचं. तिने दाखवलंही. अनीशने फाइलीशी ताडून बघितलं.

"बरोबर आहे की! तूच जा फ्रान्सला, मी जाईचे पंप सांभाळतो."

"पंप कुठं ठेवलेत ते तरी सांगा आधी."

ती हसली. छपराची कौलं लावायचं काम तिने आपणहून मागून घेतलं. नखाएवढी पुठ्ठ्याची कौलं, चार हजारांवर. जाई शाळेत गेली की ती चिमटा आणि गोंद घेऊन बसायची. पुष्कळ दिवसांनी बापाच्या कामाजवळ बसल्यासारखं वाटायचं तिला.

३

मालकाच्या खोलीला लागून वरच्या मजल्यावर आणखी एक खोली होती. नकाशात तिच्यावर फुली मारलेली.

"अहो, हिला दार कुठाय?"

"होतं. एक दार, एक खिडकी. दोन्ही बुजवलीत."

"कशाला?"

"ते नाही लिहिलेलं. आतून बुजवलीत, एवढंच आहे."

सुलेखाचा चिमटा थांबला. "आतून?"

"भोक पाडून कॅमेरा घातला होता म्हणे. दगडांमधल्या दरजा आतून भरलेल्या, चुना आतून सारखा केलेला. बाहेरून नुसती ओबडधोबड पाठ."

"मग गवंडी बाहेर कसा आला?"

"तीच तर गंमत आहे."

"आत सापडला?"

"छे. हाड नाही, थापी नाही. कचरासुद्धा नाही. दारातला सगळ्यात वरचा थर तेवढा अर्धा राहिलाय." अनीशने फाइल मिटली. "शिफ्ट संपली असेल बिचाऱ्याची. तू ती खोली नुसती चारी बाजूंनी बंद कर आणि वर छप्पर चिकटव. आतलं कोण बघतंय!"

तो हसला. सुलेखाला हसू आलं नाही. बापाची एक शिस्त होती. दिवस मावळला की थापी खाली ठेवायची, अंधारात लावलेला दगड सकाळी उतरवावा लागतो. पण थर अर्धा टाकूनही उठायचं नाही. अर्धा थर गवंड्याला झोपू देत नाही, म्हणायचा. दोन्हीचा मेळ बसला नाही की तो लहानग्या सुलेखाला टॉर्च घेऊन उभं करायचा. "धर गं बाय, एवढा अर्धा थर."

आणि ती धरायची. हात भरून येईपर्यंत.

४

मॉडेलच्या आत लावायला दिवे आले. गव्हाच्या दाण्याएवढे, केसासारख्या तारांचे. बंद खोली सोडून खोल्या अकरा, दिवे बारा. एखादा गेला तर असावा म्हणून एक जास्तीचा.

अकरा दिवे अनीशने लावले आणि तो वर्कशॉपला गेला. दुपारी सुलेखा त्या बंद खोलीवर छप्पर बसवायला बसली. चार भिंती, आत काही नाही, वरून ती आता झाकणार. हातात झाकण धरून ती तशीच थांबली. सगळ्या घरात उजेड पडणार आणि या एकाच खोलीत कायमचा काळोख. खेळण्यातलं का असेना, घर ते घर. तिने कधी कुणाच्या घरातला कोपरा तिन्हीसांजेला अंधारात ठेवला नव्हता.

बारावा दिवा तिने त्या खोलीत सोडला, तार बाकीच्या तारांना जोडली आणि वर छप्पर बसवलं. अनीशला सांगितलं नाही. त्याने थट्टा केली असती.

त्या संध्याकाळी जाईने घरातली सगळी बटणं दाबली, आणि शेवटी टेबलावरच्या घराचंही. अकरा खोल्या उजळल्या. छपराखालच्या बारीक फटीतून बारावीही.

"प्रिटी, हो ना आई?"

"हो गं राणी," सुलेखा म्हणाली आणि तिला बरं वाटलं.

५

आवाज पहिल्यांदा रविवारी आला. निरांजन नुकतं लावलं होतं. खर्र. मग टक, टक. मग पुन्हा खर्र.

तिने तो लगेच ओळखला, म्हणूनच तिचा विश्वास बसेना. थापीने चुना ओढायचा, दगड ठेवायचा आणि थापीच्या मुठीने दोनदा ठोकून बसवायचा. लहानपण तिने त्या आवाजात काढलं होतं. वरच्या मजल्यावर काम चालू असेल, तिने मनाची समजूत घातली. पण इथं रविवारी ठोकाठोकी करू देत नाहीत, आणि संध्याकाळी तर नाहीच. मग पाइप असेल. पाइप असा थांबून थांबून, मोजून वाजतो का? वाजत असेल. अनीश जिन्याखालच्या दुकानातून दूध घेऊन आला, तेव्हा आवाज नव्हता आणि जाईने दिवे मालवले होते.

मंगळवारी शेल्टरमध्ये कांदे काढायला गेली तर ओल्या चुन्याचा वास. "काँक्रीट आहे, हवा दमट आहे," अनीश म्हणाला. "वास येणारच."

बुधवारी सकाळी तांदळाची पिशवी दारापाशी नव्हती. आतल्या बाजूला, भिंतीशी सरळ रेषेत आडवी ठेवली होती, आणि तिच्यावर, दोन्ही टोकं जुळवून, डाळीची. दगडावर दगड ठेवावा तशी.

"तुम्ही हलवली?"

"मी कशाला हलवू? जाईला विचार."

पाच वर्षांच्या पोरीला दहा किलो उचलत नाहीत, हे तिघांनाही माहीत होतं. तरी तिने विचारलं.

"मी नाही. अंकलनी," जाई ब्रेडचे तुकडे करत म्हणाली.

"कुठला अंकल?"

"पांढऱ्या हाताचा. लाइट लागला की काम करतो. व्हेरी स्लो ला."

अनीश मोठ्याने हसला. सुलेखाने पिशवी ओढत पुन्हा दाराला टेकवली आणि त्या दिवशी शेल्टरमधला दिवा स्वतः लावला, स्वतः मालवला. जाईला पाऊल टाकू दिलं नाही. पण टेबलावरच्या घराचं तिच्या डोक्यात आलं नाही. ते तर खेळणं.

६

शुक्रवारी सातला पाच कमी होते. सुलेखा पोळी लाटत होती. बाहेरच्या खोलीत जाईने टेबलावरच्या घराचं बटण दाबलं. मग स्टूल सरकल्याचा आवाज. मग शेल्टरच्या दिव्याचं बटण.

"जाई, तिथं नको! मी येते!"

उत्तराच्या जागी एक जड, बसका आवाज आला. ओट्यापासून ते दार चार पावलांवर. ती पोचली तेव्हा ते मिटलं होतं. तांदळाची पिशवी बाहेर नव्हती.

तिने कडी खेचली. कडी फिरली, दार हललं नाही. पाय भिंतीला लावून खेचलं. दार अडकलं असतं तर थोडं तरी हललं असतं. हे भिंतीसारखं लागत होतं.

"जाई! आतून दांडा वर कर बाळा! वर!"

"आई..." आवाज गादीखालून यावा तसा आला. "आई, शिट्टी वाजतेय."

शिट्टी म्हणजे छाती. पंप फ्रिजवर होता. सुलेखाने तो घेतला आणि हातात धरून दारासमोर उभी राहिली, लोखंडाच्या आरपार देता येणार असल्यासारखी. आत खर्र. टक, टक. खर्र. टक, टक. घाई नव्हती. शेवटच्या हाताला आलेल्या कामाची लय होती ती.

अनीशला फोन लावला. "दार, शेल्टरचं दार, जाई आत," एवढंच बोलता आलं. "आलो, धावतच आलो," तो म्हणाला. धावत आला तरी सहा-सात मिनिटं. दोन मिनिटांत ओठ निळे झाले होते.

मदतीला कुणाला हाक मारावी म्हणून ती मुख्य दाराकडे वळली आणि वाटेत टेबल आलं. फ्रेंच घरात दिवे लागले होते. दालन, जिना, मालकाची खोली, सगळे स्थिर. बारावी खोली तेवढी लुकलुकत होती. छपराखालच्या फटीतला उजेड झाकला जायचा, पुन्हा दिसायचा. आत कुणी वाकतंय आणि उठतंय, तसा. आणि शेल्टरमधल्या ठोक्यांशी ते तंतोतंत जुळत होतं.

धर गं बाय, एवढा अर्धा थर.

टॉर्च आपणच धरलाय, हे तिला तेव्हा कळलं.

नखं खुपसून तिने छप्पर उचकटलं. दोन आठवड्यांची कौलं फरशीवर उडाली. तिने आत बघितलं. पुठ्ठ्याच्या कोऱ्या भिंती तिथे नव्हत्या. इस्त्रीचं टेबल होतं. लाल सुटकेस होती. भिंतीशी गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, बोटाएवढी जाई होती. आणि तिच्यापुढे, वर केलेल्या बाहीचा, कोपरापर्यंत पांढरा एक हात दगड घेऊन वर चालला होता, सगळ्यात वरच्या जागी.

सुलेखाने तार उपटली.

खोलीत काळोख झाला. फक्त पुठ्ठा, गोंदाचे डाग. तिच्या पाठीमागे शेल्टरचं दार सुस्कारा टाकल्यासारखं उघडलं.

७

पंपाचे चार झटके दिल्यावर जाईचा श्वास मोकळा झाला. अनीश आला तेव्हा दोघी फरशीवर कौलांत बसल्या होत्या. त्याने पोरीला छातीशी धरलं, बराच वेळ धरलं, आणि मग दार तपासलं. दाराभोवतीचं रबर फुगलं होतं म्हणाला. हवा कोंडली की असं होतं म्हणाला. जाईच्या हातांवरचं पांढरं म्हणजे पुट्टी. फळीवर डबा होताच की. सुलेखाने डबा उतरवून बघितला. झाकणावरची चिकटपट्टी दुकानातून आणली तशी होती. ती त्याला दाखवायला गेली, पण तो पोरीला पुन्हा छातीशी घेऊन बसला होता. तिने डबा परत ठेवून दिला.

दाराच्या आतल्या चौकटीला, खालपासून थेट वरपर्यंत, ओल्या चुन्याचा पट्टा होता. वरच्या कोपऱ्यात वीतभर जागा कोरडी. तिने बादली घेतली आणि सगळं पुसून काढलं.

छप्पर अनीशने दोन रात्री बसून नीट केलं. सोमवारी घर ट्रॉलीवरून गेलं, अकराच दिव्यांचं. बारावा सुलेखाने ठेचून कचऱ्यात टाकला. शेल्टरमधलं सामान बाहेर काढलं, बल्ब काढला, बिजागऱ्यांच्या माणसाला बोलावून दारच उतरवायला सांगितलं. त्याने मान हलवली. शेल्टरचं दार काढता येत नाही, नियम आहे. मग तिने ते बाहेरून दोरीने बांधून टाकलं आणि पुढ्यात कपाट सरकवलं.

आठ दिवस काही झालं नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी तिने मुख्य दार उघडलं, निरांजन लावलं, जाईला मांडीवर घेतलं आणि सवयीने तिच्या पाठीला कान लावला. छाती स्वच्छ होती.

"आई, आता अंकलचा लाइट नाही ना?"

"नाही."

"डार्क असलं की त्याला दिसत नाही?"

"नाही दिसत. म्हणून त्याचं काम थांबलं."

जाईने मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं. "नाही थांबलं ला, आई. हातांनी चाचपून लावतोय."

"कुठं?" सुलेखाचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

पोरीने बोट दाखवलं. कपाटाकडे नव्हे. मुख्य दाराकडे. आत्ताच सताड उघडलेलं ते दार आता अर्ध्यावर आलं होतं, आणि वारा नव्हता.

सुलेखाने जाईला उचललं, पंप घेतला आणि धावत जाऊन दार धरलं. तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. ती बसली. एक पाय घरात, एक पाय बाहेर कॉरिडॉरमध्ये, पोर मांडीवर, म्हणजे काही झालं तरी दार मिटायचं नाही. समोरची लिफ्ट वर येत होती. सहा, सात, आठ. अनीशच असणार. आता तो विचारेल, अगं इथं काय बसलीस, आणि ती काहीतरी सांगेल.

तिने दमून पाठ चौकटीला टेकली. ब्लाउज पाठीला चिकटला. चौकट ओली होती.